मधला तुकडा

सकाळचे पावणेसात वाजलेत. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकात मी बेळगावच्या गाडीजवळ उभी आहे. मार्गशीर्षातली थंडी अजून उतरलेली नाही. चहावाला गाळणं आपटतो, त्या आवाजानं पत्र्यावरची कबुतरं उडतात आणि परत तिथंच येऊन बसतात. समोर दोन गाड्या शेजारी शेजारी लागल्यात. एक एसटीची, पाटीवर बेळगाव. दुसरी कर्नाटकची, पाटीवर वर कन्नड अक्षरं आणि खाली मराठीत निपाणी. दोन्हींचे चालक एकाच कट्ट्यावर चहा घेतायत. रुंदीकरणामुळे आज रस्ता कुठं वळवलाय, याची एकमेकांना खबर देतायत.

गाड्यांच्या मधल्या जागेत सात-आठ बायका थांबल्यात. कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या कडेवर पोर. दोन्ही गाड्यांत जागा आहे, तरी त्या चढत नाहीत. कुठल्या गाडीत बसायचं याचा हिशेब चाललाय.

"कुठं जायचं, पोरी?" हिरव्या लुगड्यातल्या एक मावशी मला विचारतात. साठी ओलांडलेली असावी. डोळे जागरणानं लाल झालेत.

"बेळगावला. माहेर आहे माझं."

"मग ह्या एसटीत बस. आणि निपाणीला उतर."

"ही थेट जाते की बेळगावला."

"जातीय की. मी पण बेळगावलाच जातो. पण मी निपाणीत उतरतो आणि तिथनं कर्नाटकची गाडी धरतो." त्या बोटांवर मोजतात. "हद्दीपातूर अर्धं. निपाणीच्या म्होरं फुकट. मधला तुकडा तेवढा म्हाग."

ही वाट मी लग्न झाल्यापासून, गेली बावीस वर्षं करते आहे. कोल्हापूर ते बेळगाव, साधारण एकशे दहा किलोमीटर. थेट गाडीत बसायचं, डोळे मिटायचे, बेळगाव आलं की उतरायचं. रेल्वेचा विचार मी करत नाही, कारण कोल्हापूरचे रूळ आधी मिरजेकडे जातात, सरळ बेळगावकडे नाही. सोयीची ती रस्त्यावरची गाडीच. पण मावशी मोजतात तो हिशेब मी कधी नीट केलेला नाही. आज त्यांच्याबरोबर उतरायचं ठरवते आणि त्यांच्या मागोमाग चढते.

मावशी खिडकीपाशी बसतात, मी शेजारी. आमच्या पुढच्या बाकावर कोट घातलेले, टोपीवाले एक आजोबा आहेत. ते संकेश्वरला लेकीकडे निघालेत. त्यांच्या पायाशी गुळाची ढेप आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेली. सगळ्या गाडीला त्या गुळाचा वास येतो आहे.

वाहक मशीन घेऊन येतात. "बोला मावशी."

"निपाणी एक."

मशीन खरखरतं. एक तिकीट निघतं, मग दुसरं. पहिलं हद्दीपर्यंतचं, अर्ध्या दराचं. दुसरं हद्दीपासून निपाणीपर्यंतचं, पूर्ण दराचं. मावशी दोन्ही कागद घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवतात. मलाही तशीच दोन मिळतात. आजोबा ओळखपत्र दाखवतात. पंच्याहत्तरी झालेल्यांना एसटीत ऑगस्ट २०२२ पासून फुकट प्रवास आहे, पण तोही हद्दीपर्यंतच. त्यानंतरचे पैसे ते खिशातून काढून मोजून देतात. एका माणसाला एका प्रवासाची दोन तिकिटं देताना वाहकाचा हात जराही अडखळत नाही. रोजचंच आहे त्यांना. एसटीत सहा किलोमीटरचा एक टप्पा धरतात आणि टप्प्याटप्प्यानं भाडं वाढतं. या मार्गावर मधला एक टप्पा मात्र राज्याचा आहे.

गाडी सुटते. तावडे हॉटेलचा चौक, मग महामार्ग. उचगाव मागं पडतं. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीपाशी डबा घेतलेल्या कामगारांचा एक घोळका उतरतो. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत डाव्या कडेनं चाललेत. आमची गाडी त्यांच्या मागं रेंगाळते, मोकळी जागा मिळाली की पुढं निघते. काचेवर दव आहे. मावशी पदरानं तेवढीच गोल जागा पुसतात आणि बाहेर बघतात.

त्यांच्या लेकीला कागलला दिली आहे. चार दिवसांपूर्वी कोल्हापूरच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. मावशी चार रात्री तिच्या उशाशी बसल्यात. त्यांचं स्वतःचं गाव सौंदलग्याजवळ, म्हणजे कर्नाटकात. लेकीचं सासर आणि त्यांचं घर यांत एक नदी आणि थोडं रान एवढंच अंतर. आज बेळगावला जायचं ते जमिनीच्या कागदासाठी, कारण जिल्ह्याचं ठिकाण बेळगाव.

"लेक महाराष्ट्राची, मी कर्नाटकची," त्या सांगतात. "तिला हिकडं अर्धं तिकीट, मला पण हिकडं अर्धं. एसटीत बाईमाणसाला तू कुठली म्हणून इचारत न्हाईत. तिकडं मातुर आधार लागतंय."

त्यांचं म्हणणं नेमकं आहे. महाराष्ट्रानं १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या गाड्यांत सगळ्या स्त्रियांना निम्मं भाडं केलं. कर्नाटकानं ११ जून २०२३ पासून आपल्या रहिवासी स्त्रियांना सरकारी महामंडळांच्या साध्या गाड्यांत प्रवास मोफत केला. त्या योजनेचं नाव शक्ती. तीन महिन्यांच्या आत शेजारच्या दोन राज्यांनी बाईच्या प्रवासासाठी तिजोरी उघडली. या रस्त्यानं रोज जा-ये करणाऱ्या बायकांसाठी त्याचं मोल काय आहे, हे मी या गाड्यांत बसून पाहिलं आहे. दवाखान्याची तारीख आता पैशासाठी पुढं ढकलली जात नाही. अंबाबाईला वर्षातून एकदा येणाऱ्या दोनदा येऊ लागल्या. घरात नवऱ्यापुढं हात न पसरता बाई माहेरी जाऊन येते. हे फार मोठं आहे, आणि दोन्ही सरकारांनी केलेलं आहे. म्हणूनच मधल्या तुकड्याचं मला जास्त वाईट वाटतं.

कागल येतं. स्थानकात गाडी दोन मिनिटं थांबते. कॉलेजची पोरं-पोरी कडेला उभी आहेत. त्यांतला एक मुलगा पुढं येतो, आमच्या गाडीची पाटी वाचतो आणि मागं सरतो.

"चढायचं नाही का रे?" मी खिडकीतून विचारते. "निपाणीला जाते ही."

"पास कर्नाटकचा हाय, मॅडम." तो खिशातून पास काढून दाखवतो. "मागनं येतीय आमची गाडी."

आमच्या गाडीत अकरा जागा रिकाम्या आहेत. मी मोजते. तो राहतो निपाणीकडं, काल मित्राकडं मुक्काम केला, आज नऊला कॉलेज. एसटी त्याच्या समोरून निघून जाते आणि तो तिच्याकडं पाठ फिरवून रस्त्याकडं बघत राहतो. उलट्या बाजूनं येताना हेच दृश्य असतं, फक्त पास एसटीचा असतो आणि समोरून जाणारी गाडी कर्नाटकची. ज्याचा पास त्याचीच गाडी. एकाच रस्त्यावर, एकाच थांब्यावर, दहा मिनिटांच्या अंतरानं दोन अर्ध्या रिकाम्या गाड्या धावतात आणि पोरं उन्हात थांबतात. हे मला बघवत नाही.

कागल सुटलं की रस्ता उतरतो आणि दूधगंगेचा पूल येतो. पाण्यावर धुक्याचा पातळ थर आहे. काठाला ऊस, पलीकडच्या काठालाही ऊस. कुठलं राज्य कुठं संपलं हे पिकावरून सांगता येणार नाही. वरती काळम्मावाडीच्या धरणात हेच पाणी अडवलं आहे आणि त्यात कर्नाटकाचा वाटा करारानं ठरलेला आहे. पाणी दोघांचं आहे हे मान्य करून मोजमाप बसवता आलं. पूल ओलांडला की हमरस्त्याच्या पाट्यांवर कन्नड अक्षरं येतात. माझ्या हातातलं पहिलं तिकीट इथं संपतं. दुसरं सुरू होतं. गाडीचा वेगही बदलत नाही.

मी बेळगावात वाढले. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं त्या १ नोव्हेंबर १९५६ या तारखेचा उच्चार घरात आजोबांच्या तोंडी वेगळ्याच आवाजात यायचा. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल आमच्याकडं वडिलांच्या कपाटात होता. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्या वर्षी माझ्या लग्नाला थोडेच दिवस झाले होते. निकाल अजून लागायचा आहे. सीमाभागाचं दुःख मला कुणी शिकवायला नको, ते घरातूनच आलं आहे. पण बावीस वर्षं या रस्त्यावरून येता-जाता मला एक गोष्ट दिसत आली आहे. जमीन कुणाची हे ठरायला पिढ्या लागल्या तरी तिकीट एक करायला पिढ्या लागायचं कारण नाही. तिकीट एक झालं म्हणून कुणाचा दावा कमजोर होत नाही. मावशींची मधली उतरचढ मात्र वाचते.

कोगनोळीचा टोलनाका. गाडी रांगेत उभी राहते. मावशी नाक्याकडं बोट करतात.

"करोनात हितं अडवलंवतं. सर्टिफिकिट असल्याबिगर सोडत नव्हते. लेक पलीकडं, मी अलीकडं. पुलावर येऊन एकमेकींना बघून गेलो."

२०२१ साली या नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद नसलेल्यांना परत पाठवत होते, हे मलाही आठवतं. ती साथ होती, तिला काही इलाज नव्हता. पण त्यानंतरही हा रस्ता बंद झाला. डिसेंबर २०२२मध्ये सीमावाद तापला तेव्हा गाड्या थांबल्या. फेब्रुवारी २०२५मध्ये बेळगावजवळ कर्नाटकच्या गाडीच्या वाहकाला भाषेवरून मारहाण झाली, आणि लगोलग चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाच्या तोंडाला काळं फासलं गेलं. दोघेही ड्यूटीवरचे नोकरदार. एकाच्या हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग. दोघांच्या घरी त्या रात्री चूल पेटली असेल का, असं मला तेव्हा वाटलं होतं, आजही वाटतं. पुन्हा गाड्या बंद. गाड्या बंद झाल्या की मधल्या तुकड्यावर फक्त वडाप उरतं. बारा माणसांच्या जीपमध्ये वीस, आणि भाडं वडापवाला सांगेल ते.

"तवा मी चालत आलो पुलावरनं," पुढच्या बाकावरचे आजोबा मागं वळून सांगतात. "गूळ खांद्यावर घिऊन. लेक म्हणली, आबा कशाला आलासा. म्हणलं, सण हाय का न्हाई?"

मावशी मान हलवतात. "सौंदत्तीला जाताना बघावं. तवा कुणी कुणाला अडवत न्हाई."

सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा याच महिन्यात भरते. कोल्हापुरातून एसटीच्या गाड्या ठरवून भाविक जातात. गल्लीगल्लीतून गाडी बुक होते. गाडी यात्रेत थांबून राहते त्याचा खोळंबा आकार किती घ्यायचा, यावर दर वर्षी मागण्या होतात, बैठका होतात, सूट मिळते. म्हणजे माणसांनी मागितलं, धरून बसले, की महामंडळाचा नियम हद्दीपलीकडच्या प्रवासासाठीही वाकतो. देवीच्या यात्रेसाठी जे होतं ते बाळंतिणीच्या आईसाठी का होऊ नये?

यमगर्णीजवळ वेदगंगा ओलांडतो. पुराच्या वर्षी हिचं पाणी महामार्गावर येतं आणि दोन्ही राज्यांच्या गाड्या एकाच वेळी ठप्प होतात. आज नदी शहाण्या मुलीसारखी पात्रात आहे.

निपाणी. स्थानकात शिरताना तंबाखूचा उग्र वास येतो, कुठल्या तरी वखारीचं दार उघडलं असावं. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १९८१ साली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी याच गावापाशी महामार्ग रोखून धरला होता. तेव्हाही लोक दोन्ही बाजूंचे होते.

आम्ही उतरतो. आमच्याबरोबर आणखी पाच बायका उतरतात. थेट बेळगावला जाणाऱ्या गाडीतून बेळगावलाच जायचं असलेल्या पाच बायका मध्येच उतरतात आणि पिशव्या उचलून दुसऱ्या फलाटाकडं चालू लागतात. आमची एसटी बरीच रिकामी होऊन पुढं निघते. एका बाईच्या कडेवर झोपलेलं पोर आहे, ते उन्हानं जागं होऊन रडायला लागतं. तिच्या पाठीमागची म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून पायऱ्या चढते. फलाटावर बेळगावची गाडी अजून लागलेली नाही. बाकं भरलेली. मावशी पिशवी खाली ठेवतात आणि तिच्याच शेजारी फरशीवर बसतात. मीही बसते.

पंधरा मिनिटं. वीस मिनिटं.

"बेळगाव लागंना अजून," एक जण म्हणते.

"येतीय की. मी काल पण हितंच बसलोवतो तासभर," दुसरी म्हणते.

या बायकांचं बोलणं ऐकत मी बसते. मी आलो, मी गेलो, मी बसलो. कोल्हापूर-निपाणी-बेळगावच्या बाया स्वतःबद्दल पुरुषासारखं क्रियापद वापरतात. पुण्याच्या माणसाला ते ऐकून नवल वाटतं. माझी आईही असंच बोलते, माझ्या सासूबाईही. पंचगंगेपासून मार्कंडेयपर्यंत हे बोलणं एकसारखं येतं, मध्ये कुठं तुटत नाही. त्यांच्यातल्या एकीला फोन येतो. ती कन्नडात बोलते, फोन ठेवते आणि मराठीत वाक्य पुरं करते. भाषा बदलली हे तिला जाणवलेलंही नसतं.

गाडी लागते. धावपळ होते. मावशी आधी पिशवी आत टाकतात, मग स्वतः. वाहक तरुण आहे, कपाळाला भस्माचे पट्टे. "मुंद होग्री, मुंद होग्री," म्हणतो आणि आमच्याकडं बघून लगेच, "पुढं सरका मावशी, मागं जागा लागतीय."

तो येतो. मावशी कमरेच्या पिशवीतून आधार कार्ड काढतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं आहे. त्यावर त्यांचं नाव कन्नडात छापलं आहे. मावशींना कन्नड वाचता येत नाही, पण नावाची पहिली तीन अक्षरं त्या बोट ठेवून मला दाखवतात. "हे माझं नाव. आकारावरनं वळकतो." वाहक कार्ड बघतो, मशीन दाबतो, कागद फाडून देतो. त्यावर भाडं शून्य. या शून्याच्या तिकिटांची मोजदाद होते आणि तेवढे पैसे सरकार महामंडळाला देतं. मावशी तो कागद एसटीच्या दोन कागदांशेजारी ठेवतात. आता त्यांच्याजवळ एका प्रवासाची तीन तिकिटं आहेत. एक अर्धं, एक पूर्ण, एक शून्य.

वाहक माझ्याकडं वळतो. मी माझं कार्ड काढते.

"कोल्हापूर पत्ता हाय, अक्का."

"हो. लग्नानंतर बदलला."

"मग तिकीट लागतंय." त्याच्या आवाजात कुठं कठोरपणा नाही. त्याला नियम पाळायचा आहे.

मी पैसे देते. हे पैसे मला परवडतात, त्याची तक्रार नाही. पण मी जन्मले बेळगावात. शाळा बेळगावात. पहिली बस, पहिला पास, पावसात भिजत धरलेली पहिली गाडी, सगळं याच रस्त्यावरचं. लग्न झालं, घर बदललं, पत्ता बदलला आणि माहेरच्या वाटेवर मी पाहुणी झाले. सीमाभागात अशा लेकी हजारोंनी आहेत. चंदगडची बेळगावात दिलेली, बेळगावची गडहिंग्लजला दिलेली, निपाणीची इचलकरंजीला. पत्ता बदलतो तो बहुतेक बाईचा. आणि ही योजना बाईसाठीच काढलेली आहे.

मावशी माझ्या तिकिटाकडं बघतात आणि काहीच बोलत नाहीत. पिशवीतून डिंकाचा लाडू काढतात. लेकीसाठी केलेल्यातला आहे. अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवतात.

गाडी तवंदीच्या घाटात चढायला लागते. उजवीकडं डोंगर, डावीकडं खाली निपाणीची घरं लहान होत जातात. कानात दडे बसतात.

लाडू खाताना मला दिल्लीची मेट्रो आठवते. मुलाकडं गेले होते तेव्हा दोन आठवडे तिनंच फिरले. नोएडा उत्तर प्रदेशात, तिथं ती नोव्हेंबर २००९मध्ये पोचली. गुरुग्राम हरियाणात, तिथं जून २०१०मध्ये. नोएडातून बसायचं, दिल्ली पार करायची, गुरुग्रामला उतरायचं. तीन सरकारं आणि हातात एक कार्ड. सकाळी डबा घेऊन निघालेली माणसं राज्याच्या हद्दीवर डोकं वर करूनही बघत नव्हती. देशभर कुठंही चालेल असं प्रवासाचं एकच कार्ड काढायची घोषणाही मार्च २०१९मध्ये झालेली आहे. म्हणजे यंत्राची अडचण नाही. आमच्या या दोन वाहकांच्या हातातली मशीनंही तिकीट न् तिकीट मोजतात. महाराष्ट्र सरकार सवलतीचे पैसे एसटीला देतं, कर्नाटक सरकार शून्याचे पैसे आपल्या महामंडळाला देतं. दोन्ही बाजूंना मोजदाद आहे, दोन्ही बाजूंना भरपाई आहे. फक्त हे दोन हिशेब एका कागदावर यायचे राहिलेत.

त्यासाठी नवा कायदाही नको. मोटार वाहन कायद्याच्या ८८व्या कलमाखाली दोन राज्यं आपसांत करार करतात. कुणाच्या किती गाड्या, कुठल्या मार्गावर, किती फेऱ्या, हे त्यात ठरतं. करार आधी राजपत्रात छापून लोकांच्या हरकती मागवतात. एकाच्या गाड्या दुसऱ्याच्या मुलखात जेवढे किलोमीटर धावतील तेवढेच दुसऱ्याच्या गाड्या पहिल्याच्या मुलखात धावाव्यात, असा समतोल धरतात. गाड्यांचे किलोमीटर इतक्या काळजीनं मोजले जातात. त्याच करारात एक पान प्रवाशाचं घालावं, एवढंच माझं मागणं आहे. कोल्हापूर ते बेळगाव या पट्ट्यात पास कुणाचाही असो, गाडी कुठलीही चालावी. कागलच्या बाईला संकेश्वरपर्यंत अर्धं, निपाणीच्या बाईला कोल्हापूरपर्यंत तिच्या राज्याची सवलत, आणि भरपाई ज्याच्या त्याच्या सरकारकडून. हरकती मागवतील तेव्हा मी पत्र लिहीन. मावशींच्या तीन तिकिटांचा फोटो त्याला जोडीन. त्यांना विचारून मी तो आत्ताच काढून घेते. त्या तिन्ही कागद मांडीवर ओळीनं मांडतात, कडा बोटानं दाबून धरतात. हाताला चार दिवसांच्या शेक-शेगडीचा, ओव्याच्या धुरीचा वास आहे.

स्तवनिधी, मग संकेश्वर. स्थानकाबाहेर गुळाचे आजोबा उभे दिसतात, थेट गाडीतून ते आमच्या आधीच पोचलेले. शेजारी लेक आहे, तिनं ढेप डोक्यावर घेतली आहे. हत्तरगीचा नाका, यमकनमर्डी, काकती. पुढं फार काही घडत नाही. मावशींचा डोळा लागतो. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर येतं आणि काकती येईपर्यंत तिथंच राहतं.

बेळगावच्या स्थानकात उतरतो तेव्हा दहा वाजून गेलेत. थेट गाडी केव्हाच येऊन, रिकामी होऊन, परतीसाठी लागली आहे. आमचा निपाणीत गेलेला वेळ तिचा वाचला. आई फोनवर विचारते, "एवढा वेळ का झाला गं? मी कधीची वाट बघतो." मी तिला सांगते, येते, रिक्षात बसते.

मावशींना साहेबाचं ऑफिस गाठायचं आहे, पण त्या थांबतात. चंदगडकडची एक तरुण पोर फलाटावर गोंधळून उभी आहे. हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हाताला धरलेली पाच-सहा वर्षांची मुलगी. ती कर्नाटकच्या गाडीकडं बघते, मग एसटीकडं, मग पिशवीतल्या पाकिटात.

"कुठं जायचं गं तुला?" मावशी विचारतात.

"चंदगड."

"आधार कुठलं?"

"महाराष्ट्राचं."

मावशी तिच्या हातातली औषधांची पिशवी स्वतःकडं घेतात आणि बोटं मोडून मोजायला लागतात. "मग हिकडच्या गाडीत तुला काय मिळत न्हाई. ती एसटी दिसतीय न्हवं, तिच्यात बस. शिनोळीच्या हद्दीपातूर पुरं पडंल. शिनोळीपासनं अर्धं."

पोर मान डोलावते, मुलीला उचलून घेते आणि एसटीच्या दाराकडं चालू लागते. मावशी पिशवी घेऊन तिच्या मागोमाग जातात, ती खिडकीतून आत देतात आणि गाडी हलेपर्यंत तिथंच उभ्या राहतात.